वाचनालयाचे स्कॅन्स पाच जणांत वाटून ठेवायचेत, क्लाउड नको. आयपीएफएस, टॉरेंट की आणखी काही?

पिंपळपान

नमस्कार मंडळी. धागा तांत्रिक आहे पण मी तांत्रिक नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावातलं वाचनालय शंभरी ओलांडलेलं आहे. गेली काही वर्षं आम्ही चारपाच जण सुट्टीत जाऊन तिथली हस्तलिखित वार्षिकं, जुन्या नाटकांची हँडबिलं, सभासदांची रजिस्टरं आणि नवरात्रातल्या व्याख्यानांच्या कॅसेटी असं सगळं डिजिटल करतोय. टिफ फाइली अवाढव्य असतात, त्यामुळे आजच्या घडीला सव्वा टीबीच्या आसपास गेलंय. मूळ हार्ड डिस्क वाचनालयात कपाटात, एक कॉपी माझ्याकडे पुण्यात. बाकीचे बदलापूर, नाशिक आणि एक न्यू जर्सीला.

मधे एका मोठ्या कंपनीच्या क्लाउडवर ठेवलं होतं. एक दिवस अकाउंटच लॉक. कारण विचारलं तर छापील उत्तर, परत विचारलं तर परत तेच छापील उत्तर. शेवटी उघडलं पण जीव टांगणीला लागला तो लागलाच, आणि आता सगळ्यांचं एकमत आहे की एकाच्या हातात किल्ली नको. भाचा म्हणतो "मावशी आयपीएफएसवर टाक, एकदा टाकलं की कायमचं राहतं, कुणाच्या बापाला डिलीट करता येत नाही". हे खरं आहे का? आणि खरं असेल तर आमच्यासारख्यांना जमेल का?

---

अर्धा_कप_चहा

भाच्याचं अर्धं खरं आहे ताई, आणि गोची उरलेल्या अर्ध्यात आहे.

आयपीएफएस म्हणजे काय ते थोडक्यात. नेहमीच्या वेबवर पत्ता असतो जागेचा, म्हणजे अमुक सर्व्हरवरची अमुक फाइल. इथे पत्ता असतो मजकुराचा. फाइलचे तुकडे करायचे (बराच काळ डिफॉल्ट २५६ केबीचा होता), प्रत्येक तुकड्याचा हॅश (मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा) काढायचा, त्या हॅशांचं झाड करायचं आणि सगळ्यात वरचा हॅश म्हणजे त्या फाइलचा पत्ता, ज्याला सीआयडी म्हणतात. झाडाची कल्पना राल्फ मर्कलची, १९७९ पासूनची आहे, प्रोग्रॅमर वापरतात ते गिट पण थोडंफार ह्याच जातीचं. फायदा असा की फाइल कुणाकडूनही आली, अगदी अनोळखी माणसाकडून, तरी हॅश जुळवून बघता येतो. एक बिट इकडचा तिकडे झाला की लगेच कळतं.

आता हा तुकडा आहे कुणाकडे हे शोधायला डीएचटी असतं. मधे कुठलाही मुख्य सर्व्हर नसतो, फोन डिरेक्टरी फाडून प्रत्येकाकडे चार पानं दिल्यासारखं, आणि कुठलं पान साधारण कुणाकडे असेल हे गणिताने काढता येतं. कॅडेम्लिया नावाची पद्धत, २००२ चा पेपर. लाखो नोड (जोडलेली मशीनं) असले तरी मोजक्याच उड्यांत पोचता येतं, हे खरंच देखणं काम आहे.

पण बघा, ह्या सगळ्यात "साठवलं" हा शब्द कुठेच आला नाही. तुम्ही आयपीएफएसवर "टाकता" तेव्हा फाइल तुमच्याच मशीनवर असते, तुम्ही फक्त गावभर सांगता की माझ्याकडे आहे. कुणी मागितली तर त्याच्याकडे तात्पुरती कॉपी जाते, आणि त्याने ती पिन केली (म्हणजे मुद्दाम धरून ठेवली) नाही तर साफसफाईत उडते. तुमचं मशीन बंद आणि दुसऱ्या कुणी पिन केलेलं नाही, तर सीआयडी शाबूत आणि फाइल गायब.

---

पिंपळपान

म्हणजे नेटवर्क काहीच ठेवत नाही? मग एवढा गाजावाजा कशाचा?

---

अर्धा_कप_चहा

गाजावाजा अगदीच फुकाचा नाहीये. २०१७ च्या एप्रिलमध्ये तुर्कस्तानने विकिपीडिया बंद केला तेव्हा आयपीएफएसवाल्यांनी तुर्की विकिपीडियाची अख्खी प्रत तिकडे चढवली, आणि जगभर कुणीही तीच प्रत त्याच पत्त्यावर धरून ठेवू शकत होतं. असल्या कामाला हे भारी आहे, कारण खूप लोकांना हवी असलेली, बदलत नसलेली, उघड गोष्ट आहे.

त्याच वर्षी कॅटलोनियाच्या स्पेनपासून वेगळं होण्याच्या सार्वमताच्या वेळी उलटी बाजू पण दिसली. लोक ब्राउझरमधून आयपीएफएस बघतात ते कुणाच्या तरी गेटवेमधून, आणि स्पेनमध्ये तो गेटवेच ब्लॉक झाला. शेवटी विकेंद्रित काय आणि काय, दार एकच असलं की कुलूपही एकच पुरतं.

आणि तुमचं सव्वा टीबी म्हणजे २५६ केबीच्या हिशोबाने पन्नास लाखांच्या जवळपास तुकडे. त्यांची "माझ्याकडे आहे" ही दवंडी एकदाच पिटून भागत नाही, रोजच्या रोज पुन्हा पिटावी लागते, नाहीतर नोंद शिळी होऊन गळते. घरचा राउटर ह्यातच झोपतो.

---

गच्चीवरचा

वा, जुने दिवस आठवले. आमच्या हॉस्टेलच्या लॅनवर डीसी++ हा फाइली वाटायचा प्रोग्रॅम चालायचा. हबवर शिरायचं तर किमान अमुक जीबी शेअर केलेलं पाहिजे असा नियम, म्हणून पोरं विंडोजचं फोल्डर किंवा कचरा फाइली शेअरला लावायची आणि आत शिरून दुसऱ्यांचे पिक्चर ओरपायची. सिस्टिम कितीही हुशार करा, फुकट्या माणूस त्याच्यापुढे दोन पावलं असतो.

हा प्रॉब्लेम तेव्हाच मोजून पण झालाय. गाणी वाटायचं नॅपस्टर १९९९ चं, त्याची यादी एकाच कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणून २००१ मध्ये कोर्टाने त्यांना सर्व्हर बंद करायला भाग पाडल्यावर सगळंच संपलं. न्युटेला २००० मध्ये आलं, त्यात सर्व्हरच नाही, पण त्याच वर्षीच्या एका अभ्यासात निघालं की जवळपास ७० टक्के लोक एकही फाइल शेअर करत नव्हते. ब्रॅम कोहेनने २००१ मध्ये बिटटॉरेंट काढलं त्यात मग देवाणघेवाण प्रोटोकॉलमध्येच घातली, तू मला तुकडे दे तर मी तुला देतो, शिवाय जो तुकडा सगळ्यात दुर्मिळ तो आधी घ्यायचा, म्हणजे एकमेव माणूस निघून गेला तरी पंचाईत कमी.

पण हे सगळं डाउनलोड चालू असेपर्यंत. पूर्ण झाल्यावर माणूस सीड करत, म्हणजे दुसऱ्यांना तुकडे देत, का बसेल? त्याला काही उत्तर नाही. म्हणून जुन्या मराठी चीजवस्तूंच्या टॉरेंटवर "सीडर ०" बघून आपण कपाळाला हात लावतो.

---

मोहरा_मुद्रा

कुणीच कसं बोललं नाही अजून?? फाइलकॉइन नावाचं क्रिप्टो नेटवर्क वापरा ना, साठवणाऱ्याला पैसे मिळतात त्यामुळे फुकट्यांचा प्रश्नच मिटतो, आणि त्याने खरंच फाइल ठेवलीये ह्याचा गणिती पुरावा त्याला पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. ब्लॉकचेन म्हणजे कायमचं. आत्ताच थोडे टोकन घेऊन ठेवा, पुढे

---

रद्दीवाला

@मोहरा_मुद्रा, आलात का? वाटच बघत होतो. (हलके घ्या.)

पुराव्याची कल्पना चांगली आहे, ती मी नाकारत नाही. पण करार ठरावीक मुदतीचा असतो, मुदत संपली की परत पैसे भरून नवा करार. म्हणजे भाडंच झालं. शंभरी ओलांडलेल्या वाचनालयाची वर्गणी कशीबशी जमते, त्यांनी रोज भाव बदलणाऱ्या टोकनमध्ये भाडं भरायचं? कमिटीच्या मीटिंगमध्ये हा विषय मांडणाऱ्याचं धाडस बघायला मी स्वखर्चाने येईन. आणि चेनवर फाइल नसते हो, कराराची नोंद असते.

---

मोहरा_मुद्रा

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

रद्दीवाला

आता कामाचं. मी ग्रंथपाल होतो, निवृत्त झालो. आमच्या व्यवसायात ह्याचं उत्तर टॉरेंटच्याही आधी शोधायला घेतलं होतं. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९९ मध्ये लॉक्स नावाचा प्रकल्प सुरू झाला, नावाचा अर्थच "पुष्कळ प्रती असल्या की वस्तू टिकते". ग्रंथालयांना काळजी ही होती की छापील नियतकालिक निदान कपाटात तरी राहतं, पण ऑनलाइन वर्गणी बंद केली की मागचे अंकही जातात. तेव्हा प्रत्येक ग्रंथालयात एक साधा संगणक ठेवायचा, त्यात स्वतःची प्रत, आणि हे संगणक अधूनमधून एकमेकांना विचारतात की ह्या अंकाचा तुझ्याकडचा हॅश काय? मतदानच म्हणा. ज्याचा हॅश बहुमताशी जुळत नाही त्याची प्रत खराब झाली असं समजून ती इतरांकडून दुरुस्त करून घ्यायची.

ह्यात अनोळखी लोकांचा समुद्र नाही हे लक्षात घ्या. मोजकी ग्रंथालयं, सगळी एकमेकांना ओळखणारी, आणि "आम्ही हे ठेवू" असं कबूल केलेली. पिंपळपानताई, तुमच्याकडे हे आयतंच आहे, पाच माणसं आणि पाच शहरं. जगाला वाटायची यंत्रणा तुम्हाला कशाला हवी? पाच जणांनी आपापली जबाबदारी घेतली की नाही हे रोज तपासणारी हवी.

---

पिंपळपान

रद्दीवाला काका, हे पटलं. पण आम्हाला काही स्टॅनफर्डचं सॉफ्टवेअर झेपायचं नाही. बदलापूरचे आमचे जोशीकाका (टोपणनाव, घाबरू नका) पासष्टीचे आहेत, त्यांना व्हॉट्सॅप आणि पत्त्यांचा गेम एवढंच येतं.

---

अर्धा_कप_चहा

मग सिंकथिंग, वेगवेगळ्या मशीनवरचं फोल्डर एकसारखं ठेवणारा प्रोग्रॅम. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, २०१३ पासून चालू आहे, कंपनी नाही आणि अकाउंटही नाही. प्रत्येक मशीनला स्वतःचं सर्टिफिकेट असतं, त्याच्या हॅशवरून एक लांबलचक डिव्हाइस आयडी बनतो, सात-सात अक्षरांचे आठ गट. दोन्हीकडच्यांनी एकमेकांचा आयडी मान्य केला तरच बोलणं चालू, आणि सगळं टीएलएसमधून, म्हणजे मधल्याला काही दिसत नाही. फाइल बदलली तर फक्त बदललेले ब्लॉक जातात. आणि नाशिकच्या मशीनला अर्धे ब्लॉक पुण्याहून, अर्धे बदलापूरहून घेता येतात, म्हणजे इथेही टॉरेंटचाच आत्मा.

जोशीकाकांकडे जुना लॅपटॉप किंवा छोटा रास्पबेरी पाय (पिटुकला कॉम्प्युटर) ठेवा, डिस्क लावा, एकदा सेट करा आणि वर चिठ्ठी चिकटवा "बंद करू नये". त्यांना स्क्रीनसुद्धा लागणार नाही.

पहिल्या वेळी सगळं नेटवरून पाठवू नका हं. १०० एमबीपीएसचा अपलोड गृहीत धरला तरी सव्वा टीबीला गणिताने २८ तास, प्रत्यक्षात कितीतरी जास्त, त्यात बऱ्याच "अनलिमिटेड" प्लॅनला महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते, चार जणांना पाठवायला गेलात तर एकट्या वाचनालयाच्या कनेक्शनवर ती निघून जाईल. डिस्कवर कॉपी करून हातोहात द्या, मग दोन्हीकडे तेच फोल्डर दाखवा. सिंकथिंग हॅश काढतं, "अरे हे तर माझ्याकडे आहेच" म्हणतं आणि पुढे फक्त नवीन पाठवतं.

---

फायबर_तुटली

नेटवाला म्हणून माझी भर. पी टू पी वाल्यांचं (म्हणजे मशीन ते मशीन थेट जोडणाऱ्यांचं) आपल्याकडे खरं दुखणं आहे सीजीनॅट. आयपीव्ही४ चे, म्हणजे इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे, पत्ते पुरत नाहीत म्हणून कंपनी शेकडो घरांना एकाच पब्लिक पत्त्यामागे ठेवते. राउटरमध्ये जाऊन वॅन पत्ता बघा, १०० नंतर ६४ ते १२७ मधला आकडा दिसला तर समजा तुम्ही चाळीत राहताय आणि नळ समाईक आहे. बाहेरून तुमच्या घरात थेट शिरता येत नाही, पोर्ट फॉरवर्ड करून उपयोग शून्य. दोन्ही घरं अशीच असली तर मग भोक पाडायचे प्रयत्न होतात, कधी जमतं, नाही जमलं तर डेटा कुणातरी स्वयंसेवकाच्या रिले सर्व्हरवरून फिरतो. एन्क्रिप्टेड असतो त्यामुळे भीती नाही, पण स्पीड गोगलगायीचा.

उपाय हा की आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचे पत्ते, चालू आहे का बघा. ह्या बाबतीत भारत जगात बराच पुढे आहे, मोबाइल कंपन्यांमुळे. आयपीव्ही६ मध्ये प्रत्येक डिव्हाइसला स्वतःचा पत्ता असतो, नॅटची भानगड नाही, फक्त राउटरच्या फायरवॉलमध्ये २२००० पोर्ट उघडायचा. पाचातल्या एका घरी जरी हे नीट जमलं, समजा पुण्यात, तरी ज्या बाकीच्यांकडे व्ही६ आहे ते तिथे थेट जोडून घेतात. सगळ्यांच्या राउटरशी झटापट करत बसू नका. आणि कस्टमर केअरला फोन लावून "सीजीनॅट" म्हणू नका, तो "सर राउटर रिस्टार्ट करा" एवढंच म्हणेल.

---

घरचा_अहेर

सगळं वाचलं. एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी? चार डिस्क घ्या, दर दिवाळीला भेटता तेव्हा कॉपी करा, घरी न्या. ना नेट, ना पोर्ट, ना सीजी का फीजी नॅट. आम्ही लग्नाचे फोटो असेच ठेवलेत.

---

रद्दीवाला

@घरचा_अहेर, उपाय वाईट नाही, खरं तर पाया तोच आहे. पण दोन अडचणी. एक, दिवाळी ते दिवाळीतलं काम एकाच डिस्कवर राहतं. दुसरी जास्त वाईट. कपाटातली डिस्क मेली की मरताना ओरडत नाही. मी स्वतः अशा डिस्क हाताळल्यात ज्यात फाइलचं नाव दिसतं, साइज बरोबर, उघडली तर पानाचा खालचा अर्धा भाग करडा. आणि वार्षिक कॉपीच्या वेळी तुम्ही ती खराब फाइल चांगल्यावर चढवता. कुठली खरी कुठली खराब हे सांगायला हॅशची यादी लागते, ती बनवा, छापून वाचनालयात फाइल करा हवं तर.

---

अर्धा_कप_चहा

इथे सिंकथिंगची पण एक मेख सांगून ठेवतो, बऱ्याच जणांना माहीत नसते. ते फाइल बदलली का हे ओळखतं तारीख आणि साइजवरून. डिस्कवर बिट सडला तर तारीख बदलत नाही, साइज बदलत नाही, म्हणून त्याला कळतही नाही. काकांची हॅशची यादी त्यासाठी हवीच.

उलट टॉरेंट क्लायंटमध्ये "फोर्स रीचेक" म्हटलं की तो प्रत्येक तुकडा वाचून हॅश जुळवतो आणि खराब निघालेले तेवढेच तुकडे दुसऱ्या सीडरकडून परत आणतो. लॉक्सचीच गरिबांची आवृत्ती. म्हणून मी असं करेन, ज्याचं काम चालू आहे ते सिंकथिंगमध्ये, आणि ज्या वर्षाचे अंक स्कॅन होऊन, तपासून, नावं देऊन संपले त्याचा एक गठ्ठा करून त्याचं टॉरेंट बनवायचं, पाचही जणांनी सीड करायचं. गठ्ठा एकदा बांधला की बदलत नाही हाच त्याचा गुण. टॉरेंट बनवताना व्ही२ निवडा, जुन्यात शा-१ हॅश आहे आणि २०१७ मध्ये शा-१ ची टक्कर (दोन वेगळ्या फाइलींचा एकच हॅश) घडवून दाखवलीये. तुमच्या हँडबिलांवर कुणी असला हल्ला करणार नाही, पण नवीन करताय तर नवीनच करा.

---

हडसनकाठी

न्यू जर्सीचा तो "एक" मीच. इतका वेळ वाचत होतो.

मला रजिस्टरांची काळजी आहे. सभासदांची नावं, पत्ते, कुणी कुठलं पुस्तक नेलं, काही ठिकाणी "वर्गणी थकली, घरी जाऊन मागणे" असले शेरे. त्यातले बरेच जण हयात आहेत. टॉरेंट किंवा आयपीएफएसवर गेलं तर परत घेता येत नाही, भाचा ज्याला गुण म्हणतो तोच इथे दोष. शिवाय टॉरेंटमध्ये कोण काय उतरवतंय त्याचा आयपी पत्ता जोडलेल्या सगळ्यांना दिसतो.

---

पिंपळपान

अरे तू इथे आहेस हे मला माहीतच नाही! आयडी काय घेतलायस. ग्रुपवर बोलत का नाहीस?

---

हडसनकाठी

ग्रुपवर गुड मॉर्निंगमध्ये मेसेज वाहून जातात.

---

अनुज्ञा

वकील आहे म्हणून लिहिते, हा सल्ला नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा कागदावरची माहिती नंतर डिजिटल केली तरी लागू होतो, त्यात माहिती पुसून मागायचा हक्क आहे. संग्रहाच्या कामाला काही सवलत आहे, पण ती सार्वजनिक नेटवर्कवर नावंपत्ते उधळायला नाही. रजिस्टर आपल्यातच ठेवा.

कॉपीराइटचं पण बघा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. हस्तलिखितात गावातल्या मास्तरांनी लिहिलेली कविता असेल तर मास्तर कधी वारले हे शोधावं लागेल, घरच्यांना विचारून लेखी परवानगी घेणं सोपं, लोक आनंदाने देतात. कॅसेटींमध्ये मात्र जपून, जाहीर व्याख्यानावर पहिला हक्क बोलणाऱ्याचा असतो, आयोजकांचा नाही. "आमच्याकडे झालं म्हणजे आमचं" हे चालत नाही.

---

अर्धा_कप_चहा

अनुज्ञाताईंना +१. रजिस्टरांसाठी वेगळं फोल्डर करा. सिंकथिंगमध्ये "अनट्रस्टेड डिव्हाइस" म्हणून सोय आहे, म्हणजे एखाद्या मशीनवर कॉपी राहते पण एन्क्रिप्ट होऊन, त्या मशीनवाल्याला फाइलींची नावंसुद्धा वाचता येत नाहीत. जोशीकाकांचा नातू कुतूहलाने उघडायला गेला तरी हाती काही लागणार नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच होतं. सिंक म्हणजे बॅकअप नाही! वाचनालयात कुणी चुकून फोल्डर उडवलं तर सिंकथिंग इमानदारीत पाचही ठिकाणी उडवेल. म्हणून वाचनालयाचं मशीन "सेंड ओन्ली", बाकी सगळे "रिसीव्ह ओन्ली", आणि त्या सगळ्यांवर व्हर्जनिंग चालू, म्हणजे तिकडून डिलीट किंवा बदल आला तरी जुनी फाइल बाजूच्या फोल्डरमध्ये पडून राहते. एकाच वेळी दोघांनी एकच फाइल बदलायची भानगडही त्यामुळे येत नाही, नाहीतर "सिंक-कॉन्फ्लिक्ट" नावाच्या पिल्लांनी फोल्डर भरून जातं.

---

कानामात्रा

कॉन्फ्लिक्टवरून आठवलं, अवांतर आहे पण राहवत नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रती पण तीनशे वर्षं अशाच हातोहात फिरल्या, मधे कुठला सर्व्हर नाही, आणि प्रत्येक नकलेत पाठभेद घुसत गेले. शेवटी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, नाथांनी प्रती गोळा करून पाठ शुद्ध केला. प्रती भरपूर म्हणून ग्रंथ टिकला, पण कुठला पाठ मूळचा हे ठरवायला नाथच लागले. :)

आता मुद्द्याचं, कारण ह्यावर कुणी बोललं नाही. तुमच्या फाइलींची नावं मराठीत आहेत का?

---

पिंपळपान

हो! सगळी देवनागरीत. आम्हाला अभिमान आहे त्याचा. "१९५२ वार्षिक – कोऱ्या पाटीवरच्या कविता – मुखपृष्ठासह" अशी छान.

---

कानामात्रा

अभिमान ठेवा पण दोन खड्डे आहेत.

पहिला, लांबी. विंडोजवर नावात २५५ अक्षरं चालतात. लिनक्सवर मर्यादा २५५ बाइटची, आणि देवनागरीचं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातं. काना, मात्रा, हलंत सगळं वेगळं मोजलं जातं. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. "मुखपृष्ठासह" एवढ्याचीच ११ चिन्हं, ३३ बाइट झाले. तुमच्या विंडोज लॅपटॉपवर सुखाने बसलेली लांब नावाची फाइल जोशीकाकांच्या रास्पबेरी पायवर उतरणारच नाही, आणि एरर येईल "नाव फार लांब आहे" एवढीच.

दुसरा खड्डा मराठीवाल्यांच्या नशिबी हमखास आलाय, तो म्हणजे "कोऱ्या" मधला ऱ. युनिकोडमध्ये हा दोन तऱ्हांनी लिहिता येतो, एक तर स्वतंत्र अक्षर म्हणून, किंवा साधा र आणि त्याखाली नुक्ता (टिंब) म्हणून. दिसायला हुबेहूब एक. कॉम्प्युटरला दोन वेगळी नावं. जुन्या मॅकच्या फाइलसिस्टिमला सगळं सुटं करून ठेवायची सवय होती, त्यामुळे मॅकवरून आलेली "कोऱ्या" आणि विंडोजवर टाइप केलेली "कोऱ्या" लिनक्सवर शेजारी शेजारी दोन फाइली म्हणून बसतात. पुढाऱ्यांची भाषणं, शेतकऱ्यांची गाणी, दऱ्याखोऱ्या, सगळ्यांना हा धोका. सिंकथिंग आपणहून नावं एका रूपात आणतं, ते सेटिंग बंद करू नका. पण टॉरेंट किंवा तुमची हॅशची यादी हे सांभाळून घेईलच असं नाही.

---

हडसनकाठी

माझ्याकडे मॅक आहे. २०१९ पासूनची सगळी हँडबिलं मी नावं देऊन पाठवली आहेत.

---

पिंपळपान

म्हणूनच माझ्याकडे काही फोल्डरमध्ये सगळं डबल दिसतंय! मी डुप्लिकेट म्हणून एकेक डिलीट करत होते, नशीब अजून निम्म्यात पोचले नाही.

---

कानामात्रा

थांबा, हात लावू नका. आधी दोन्हींचे हॅश काढा. हॅश सारखे निघाले तर आतला मजकूर एकच, मग खुशाल एक उडवा. वेगळे निघाले तर ती दोन वेगळी स्कॅन्स असतील किंवा एक खराब झालं असेल.

नावांसाठी साधा नियम करा. फाइलचं नाव छोटं, आकड्यांत आणि रोमन लिपीत, वर्ष-प्रकार-क्रमांक, आणि पूर्ण मराठी शीर्षक, लेखक, शेरा वगैरे सगळं एका वेगळ्या तक्त्यात. तो तक्ताही त्याच फोल्डरमध्ये ठेवा म्हणजे डिस्कबरोबर जातो.

---

पिंपळपान

ठीक. आत्ता डिलीट थांबवलंय. मग ठरलं ते असं: नावं बदलायचं काम आधी, मी आणि हडसनकाठी मिळून (तू पळून जाऊ नकोस). मग हॅशची यादी. वाचनालयाचं मशीन सेंड ओन्ली, बाकी रिसीव्ह ओन्ली, सगळीकडे व्हर्जनिंग. रजिस्टरं एन्क्रिप्टेड. हक्कांचा प्रश्न नाही असे १९३० च्या आसपासचे जे थोडे अंक आहेत ते इंटरनेट अर्काइव्हवर पण चढवू, तिथे आपोआप टॉरेंट मिळतं असं ऐकलंय.

एकच शंका. रजिस्टरांच्या फोल्डरचा पासवर्ड कुणाकडे ठेवायचा? एकाच्या हातात किल्ली नको म्हणून तर हे सगळं चाललंय.

---

अर्धा_कप_चहा

हो, अर्काइव्हवर २०१२ पासून टॉरेंटची सोय आहे, आणि त्यांचा सर्व्हरच सीडरचं काम करतो, त्यामुळे दुसरा सीडर नाही म्हणून अडत नाही.

पासवर्डचं म्हणाल तर अदी शमीरची १९७९ ची पद्धत आहे, गुपिताचे पाच भाग करायचे आणि कुठलेही तीन एकत्र आले तरच ते उलगडतं, दोघांना मिळूनही काही कळत नाही. पाच जणांना एकेक भाग द्या. तयार प्रोग्रॅम मिळतात.

---

रद्दीवाला

आणि तो भाग कागदावर छापून द्या. जोशीकाकांचा फोन दर वर्षी पाण्यात पडतो असं तुमच्या वर्णनावरून वाटतंय.

---

पिंपळपान

काका, तुम्ही ओळखता का त्यांना?? ह्या वर्षीही पडला.